ते पिवळेजर्द बेडूक पावसानंतर जातात कुठे?

सिंधुदुर्गातल्या एका वाचकांनी विचारलेलं असं: जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्या रात्री घरामागच्या मळ्यात हळद फासल्यासारखे पिवळे, गळ्याशी दोन निळे फुगे असलेले पन्नासेक बेडूक ओरडत होते. तिसऱ्या दिवशी एकही नाही. हे आले कुठून आणि गेले कुठे? शेजारी म्हणतात विषारी आहेत, ते खरं का? आणि परसात सिमेंटचं तळं बांधलंय, त्यात चार जोड्या आणून सोडल्या तर राहतील का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर माझं लिहून होईपर्यंत तुम्ही बादली घेऊन मळ्यात उतरलेले असाल. आणू नका. ते राहणार नाहीत, आणि राहिलेच तर तुमच्या तळ्यातलं बाकी काही राहणार नाही. का, ते पुढे येईलच.

विषारीचं म्हणाल तर नाहीत. पिवळाधमक रंग बघून माणूस घाबरतो, पण या बेडकापासून तुम्हाला अपाय नाही. विषाच्या ग्रंथी असतात त्या भेकाला. भेक म्हणजे न्हाणीघराच्या कोपऱ्यात बसलेला, अंगभर चामखिळी असलेला तो सुस्त प्राणी. त्याच्या डोळ्यांमागे दोन फुगीर उंचवटे दिसतात, त्यात विष असतं, आणि तेही कुत्र्याने तोंडात धरलं तरच बाहेर येतं. तुमच्या मळ्यातल्या बेडकाला असे उंचवटेच नाहीत. उलट आपल्या हातावरचं मीठ, साबण, डास पळवायचं मलम हे सगळं त्याच्या ओल्या कातडीला बाधतं. उचलायची वेळ आलीच तर आधी हात नुसत्या पाण्यात बुडवून घ्या.

हा भारतीय बैलबेडूक. मराठीत याला सगळीकडे चालेल असं एकच नाव नाही. कुणी बैलबेडूक म्हणतं, कुणी नुसता पिवळा बेडूक, कोकणीत बेडकाला बेबो म्हणतात. शास्त्रीय नाव होप्लोबॅट्रेकस टायगेरिनस. जुन्या बीएस्सीवाल्यांना हे नाव परकं वाटेल, पण ‘राना टिग्रिना’ म्हटलं की फॉर्मॅलिनचा वास आठवेल. मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्या टोचून आपण ज्याचं हृदय बघितलं, तो हाच. मीही बघितलंय. पुढे शिक्षक झाल्यावर मुलांकडून करूनही घेतलं, आणि ज्या वर्षी ते बंद झालं त्या वर्षी मला हायसं वाटलं होतं.

भारतातला हा सर्वांत मोठा बेडूक. मोठी मादी नाकाच्या टोकापासून बुडापर्यंत सोळा-सतरा सेंटिमीटर भरते, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहातात मावत नाही. नर तिच्याहून लहान. एरवी दोघांचाही रंग हिरवट नाहीतर मातकट, त्यावर काळपट ठिपके, पाठीवर लांब लांब वळ्या, आणि पुष्कळदा मधोमध नाकापासून मागे गेलेली एक फिकट रेघ. तुम्ही वर्षभर याच्या शेजारून चालला आहात. मेरेवरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जाताना गवतातून ‘चुबुक’ करून पाण्यात पडतो ना, त्यातला हा एक. पिवळे बेडूक बाहेरून आले नव्हते. ते तुमचेच होते, तुम्ही ओळखले नाहीत इतकंच.

पिवळा होतो तो फक्त नर, आणि तोही वर्षातले मोजके दिवस. बेडकाच्या कातडीत रंगाच्या वेगवेगळ्या पेशी असतात. काळा रंग धरणाऱ्या पेशींमधले कण पसरले की अंग काळसर दिसतं, ते आकसून मध्ये गोळा झाले की पिवळा उघडा पडतो. त्यामुळे संध्याकाळी मातकट दिसलेला नर रात्री लिंबासारखा पिवळा होऊन बसलेला असतो. रंग ओसरतोही तसाच. या काळात त्याच्या पुढच्या पायाच्या अंगठ्याशी काळी, मखमली गादी येते. ती कशासाठी, ते सांगतोच. गळ्याच्या दोन्ही बाजूंचे निळे फुगे म्हणजे त्याचे भोंगे. तोंड आणि नाकपुड्या मिटून तो फुप्फुसातली हवा त्यांत ढकलतो, परत घेतो, परत ढकलतो. म्हणून बेडकाला ओरडायला तोंड उघडावं लागत नाही. २०२० च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या नरसिंहपूरच्या अशाच पिवळ्या बेडकांचा व्हिडिओ देशभर फिरला होता. मला तो किमान तीसजणांनी पाठवला, आणि प्रत्येकाने विचारलं, ‘सर, हा कुठला नवीन प्राणी?’

रंग कशासाठी, याचा अंदाज त्या रात्री मळ्यात उभं राहिल्यावरच येतो. या जातीचं प्रजनन म्हणजे जत्रा. सगळे नर एका रात्री, एका डबक्यात, मादी मिळवायच्या घाईने वेडे झालेले. हलेल त्याला मिठी मारायची, एवढाच विचार त्यांच्या डोक्यात असतो. मी नराला भेकाच्या पाठीवर बसलेलं पाहिलंय, तरंगत्या नारळाच्या सोडणाला कवटाळलेलं पाहिलंय. अशा गर्दीत पिवळा म्हणजे नर आणि मातकट म्हणजे मादी, एवढी खूण जरी पटली तरी पुष्कळ वेळ आणि मारामारी वाचते. रंगाचा मुख्य उपयोग हाच असावा असं मानतात, आणि मलाही तसंच वाटतं. मादी भुलते ती रंगाला की आवाजाला, यावर मात्र मी पैज लावणार नाही.

मृगाचा पहिला दणका कधी बसतो याच्याकडे मी दरवर्षी कान लावून असतो. वळवाच्या एका सरीने हे बाहेर येत नाहीत. सर पडते, माती तापलेलीच असते, पाणी तासाभरात जिरतं. त्यांना लागतं साचलेलं पाणी. आधी लांबून एक-दोन आवाज येतात, बैल हंबरल्यासारखे खोल. ‘डराँव’ लिहायची पद्धत आहे, पण याचा आवाज त्याहून जड असतो. मग दुसऱ्या कोपऱ्यातून उत्तर येतं. तासाभरात असा गदारोळ होतो की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. नर उथळ पाण्यात अर्धे तरंगत, अर्धे टेकून बसतात. जागेवरून कुस्त्या चालतात. माद्या आवाज न करता कडेच्या गवतातून येतात, अंड्यांनी जड झालेल्या. जो नर पाठीवर चढतो तो पुढच्या पायांनी तिच्या काखेखाली घट्ट विळखा घालतो. ओल्या, बुळबुळीत अंगावर तो विळखा निसटू नये म्हणून ती मखमली गादी. कधी एकीवर तीन-तीन नर पडतात आणि बिचारी बुडून मरतेसुद्धा. मादी पाण्यात अंडी सोडते, तेव्हाच नर वरून शुक्राणू सोडतो. अंडी हजारोंच्या संख्येत. पुढची काळजी कुणीच घेत नाही. माद्या अंडी घालून निघून जातात. नर एखाद-दुसरा दिवस ओरडत राहतात, मग त्यांचाही रंग उतरतो आणि ते बांधाला लागतात. तुमचे बेडूक ‘गायब’ झाले ते असे. बहुतेक सगळे त्याच मळ्यात होते, पुन्हा मातकट होऊन गप्प बसलेले. पुढे मोठी उघडीप पडून पुन्हा धो धो आला तर कधीकधी छोटा बाजार परत भरतो, पण पहिल्या रात्रीची सर त्याला येत नाही.

आता जो भाग कुणी बघत नाही आणि मला सगळ्यांत आवडतो, तो सांगतो: बेडूकमासे.

शाळेत शिकवत असताना एका वर्षी मी मळ्यातल्या डबक्यातून ओंजळभर बेडूकमासे आणून वर्गातल्या टबात सोडले. बेडूकमासे शेवाळ खातात असं पुस्तकात होतं, म्हणून शेवाळही घातलं. शुक्रवार होता. सोमवारी मुलं म्हणाली, सर, कुणीतरी चोरले. टबात मोजकेच उरले होते, पण जे उरले होते ते टुमटुमीत! शेवाळाला कुणी तोंडही लावलं नव्हतं. एकमेकांना खाल्लं होतं.

बैलबेडकाचा बेडूकमासा जन्मापासून शिकारी असतो. त्याच्या तोंडाशी काळी, टणक, करवती काठाची चोच असते आणि भोवती बारीक दातांच्या ओळी. साध्या भिंगातूनही दिसतं. तो पाण्यात स्थिर राहतो, शेजारून काही हललं की झडप घालतो. डासांच्या अळ्या, पाण्यातले किडे, दुसऱ्या बेडकांची पिल्लं आणि वेळ आली तर आपलीच भावंडं. क्रूर वाटतं, पण त्याचं गणित साधं आहे. डबकं आटायच्या आत त्याला पाय फुटून बाहेर पडायचंय. शेवाळ खाऊन जे अंग धरायला वेळ लागतो ते मांस खाऊन लवकर धरतं. एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि साधारण महिना-दीड महिन्यात चिमुकला बेडूक शेपटीचा शेवटचा तुकडा घेऊन काठावर चढतो. तोपर्यंत पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली, तर मी अशी डबकी पाहिली आहेत की जिथे हजारो होते तिथे चिखलात काळी साय उरली आहे आणि ढोकरी बगळे पोट भरून बसलेत.

मग हा शहाणा प्राणी विहिरीत, तलावात का जात नाही, जिथे पाणी आटत नाही? कारण जिथे पाणी आटत नाही तिथे मासे असतात. उन्हाळ्यात कोरड्या पडणाऱ्या डबक्यात मासे तग धरत नाहीत, पाण्यातले मोठे किडेही वर्षानुवर्षं साठत नाहीत. नुकतं भरलेलं डबकं म्हणजे शत्रू पोचायच्या आधी मिळालेली रिकामी जागा. म्हणून ही पहिल्या रात्रीची धांदल. जो आठ दिवस उशिरा अंडी घालेल त्याची पिल्लं आधीच्यांच्या पोटात जातील.

तुमच्या सिमेंटच्या तळ्याची अडचण इथे आहे. त्यात बारा महिने पाणी, बहुधा गप्पी सोडलेले असणार, काठ उभे. गप्पी, गँबुसिया यांसारखे मासे अंडी आणि नुकते फुटलेले बेडूकमासे टिपून खातात. सरळ भिंतीमुळे पिल्लांना बाहेर पडता येत नाही, आणि मोठे बेडूक पहिल्याच रात्री उडी मारून मळ्याकडे चालू लागतील. या बेडकाला तळं नको, डबकं हवं. आपल्याकडे पाणथळ म्हटलं की कमळं आणि बदकं असलेला तलाव डोळ्यांसमोर येतो. भाताचं खाचर, सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, कातळातला खळगा, रस्त्याकडेचा चर यांना कुणी पाणथळ म्हणत नाही. ते ‘भरून घ्यायचे’ खड्डे असतात.

उरलेलं वर्ष. पावसाळाभर हा एकटा राहतो, रात्री बाहेर पडतो आणि फारसं फिरत नाही. बांधाच्या ओलाव्यात, पाण्याकडे एक बाजू ठेवून बसतो, समोरून काय जातं याची वाट बघत. तोंडात मावेल ते याचं अन्न: नाकतोडे, भुंगेरे, गांडुळं, खेकड्याची पिल्लं, दुसरे बेडूक, उंदराची पोरं, चिचुंद्री, लहान सापसुद्धा. जीभ पुढच्या बाजूने जबड्याला चिकटलेली असते, त्यामुळे ती उलटी फेकली जाते. मोठी शिकार असेल तर जीभ नुसती नावाला, जबडाच काम करतो आणि पुढच्या पायांनी आत कोंबणं चालतं. गिळताना डोळे मिटतो ते तृप्तीने नव्हे. बुबुळं खाली टाळूवर दाबून तो घास घशात ढकलत असतो. एकदा जवळून बघा, मग जेवणाऱ्या बेडकाकडे पूर्वीसारखं बघता येणार नाही. त्याला खाणारेही कमी नाहीत: दिवड, धामण, नाग, बगळे, घुबडं, मुंगूस. दिवडाने मागचा पाय धरला की याची जी किंकाळी निघते ती लहान मुलासारखी असते. रात्री शेताकडून तशी ओरड ऐकू आली तर भुताखेतांकडे जाण्याआधी बॅटरी घेऊन बघून या.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या आणि मांड्यांच्या पातळ कातडीतून शोषून घेतो, आणि मूत्राशयात साठवलेलं पाणी गरज पडली की पुन्हा रक्तात ओढून घेतो. उन्हाळा तो याच भांडवलावर काढतो. मळ्यातली ओल उतरली की तो चिखलात, बांधाच्या कपारीत, झाडाच्या मुळाशी शिरतो. आमच्याकडे कुर्ल्यांची, म्हणजे खेकड्यांची, जुनी बिळं याच्या फार उपयोगाची. तिथे अंग चोरून, श्वास आणि हृदयाचे ठोके मंद करून, पावसाळ्यात साठवलेल्या चरबीवर महिनेच्या महिने पडून राहतो. मे महिन्यात बांध फोडताना कुदळीखाली मातीच्या ढेकळासारखा बेडूक निघतो, लोकांना मेलेला वाटतो. तो मेलेला नसतो. सावलीत ओल्या मातीखाली परत झाका. पाऊस पडला की बाहेर पडून लगेच जत्रेला जायचं असतं, म्हणून माद्यांची अंडी पावसाच्या आधीच तयार होत आलेली असतात. अशा वेळी जेसीबीने बांध सपाट केला तर पुढच्या जूनमध्ये त्या मळ्यात आवाज का नाही, याचं कोडं पडायचं कारण नाही.

आता ‘आणून सोडू नका’ याची दुसरी बाजू. या बेडकाला स्वतःच्या मुलखाबाहेर नेलं की काय होतं त्याचा धडा अंदमानात मिळालाय. तिथे हा मूळचा नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत, मुख्यतः मुख्य भूमीवरून नेलेल्या मत्स्यबीजासोबत, तो तिथे पोचला आणि बेटामागून बेट घेत गेला. शेततळ्यातले मासे, कोंबडीची पिल्लं, सरडे, काही सोडलं नाही. अभ्यासकांनी त्याचे बेडूकमासे तिथल्या स्थानिक बेडकांच्या बेडूकमाशांसोबत टाक्यांमध्ये ठेवून पाहिले, तर स्थानिकांपैकी एकही वाचला नाही. माझ्या टबाची गोष्ट, फक्त आता एका द्वीपसमूहाएवढी. मादागास्कर आणि मालदीवमध्येही माणसानेच नेऊन सोडलाय. तुमच्या मळ्यात तो शतकानुशतकं आहे, त्याच्यासोबत झाडबेडूक, छोटे भातबेडूक, भेक सगळे आपापली वेळ आणि जागा सांभाळून आहेत. परसातल्या चार हात तळ्यात ती वाटणी होत नाही.

खाण्याचा विषय टाळता येणार नाही, कारण पहिल्या पावसाच्या रात्री मळ्यात बेडकांसोबत माणसंही असतात. गोव्यात याला ‘जंपिंग चिकन’ म्हणतात आणि आपल्याकडच्या सीमेलगतच्या गावांनाही त्याची चव माहीत आहे. एकेकाळी हा धंदा फार मोठा होता. भारतातून बेडकांच्या तंगड्या दरवर्षी हजारो टन परदेशी जात, युरोप-अमेरिकेच्या ताटात. १९८५ मध्ये ही जात साइट्स या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या, कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. वन्यजीव संरक्षण कायद्यानेही त्याला पकडणं, मारणं, विकणं हा गुन्हा आहे, आणि गोव्यात वन खातं पावसाच्या तोंडावर तशा सूचना काढतं. माझा आक्षेप चवीला नाही. आमच्या आजोबांच्या पिढीत एखाद्या घराने चार बेडूक नेले तर मळ्याला कळायचंही नाही. आता मोटारसायकली आणि झगझगीत हेडलाइट घेऊन पोती भरली जातात, तीही नेमकी ज्या रात्री ते अंडी घालायला आलेत त्या रात्री. ओरडणारा नर स्वतःचा पत्ता सांगतच असतो, आणि मादी उचलली तर तिच्या पोटातली हजारो अंडीही पोत्यात जातात.

काही करायचंच असेल तर मळ्याच्या सखल कोपऱ्यात वीतभर, फार तर हातभर खोल, उतरत्या काठांची जागा तशीच सोडा. सिमेंट नको, मासे नकोत, दिवाळीनंतर आटली तर आटू द्या. मेरेवरचं गवत सगळं एकदम काढू नका. तणनाशक आणि कीटकनाशक निदान पहिल्या पावसापासून दीड महिना त्या कोपऱ्यापासून लांब ठेवा, कारण बेडूकमाशाला कातडी म्हणजेच उघडं दार. मळा आणि घर यांच्यामध्ये रस्ता असेल तर पहिल्या पावसाच्या रात्री गाडी सावकाश चालवा. त्या एका रात्रीत चाकाखाली जेवढे जातात तेवढे दिवडांना महिनाभरात मिळत नसतील.

आणि यंदाचे अजून संपलेले नाहीत. लावणी आटोपली की जुलैच्या शेवटी रात्री नवाच्या सुमारास बॅटरी घेऊन मेरेवरून हळू चालत जा. बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर, नाकाशी धरा, म्हणजे त्यांचे डोळे चमकलेले दिसतील. पाण्याच्या कडेला रुपयाच्या नाण्याएवढे हिरवट ठिपके बसलेले असतील, पाठीवर फिकट रेघ असेलच असं नाही, पण बारीक वळ्या दिसतील. जवळ गेलात की ‘चुबुक’ होईल.